बसल्याचा वाटा

खारवाडीत मासळीचे वाटे पडले की सगळ्यात शेवटी एक लहानसा ढीग उरायचा. नांग्या तुटलेल्या चिंबोऱ्या, जाळ्यात पोट फुटलेली बोयटं, मूठभर कोळंबी, वर दोन-चार निवटे. त्याला म्हणायचे बसल्याचा वाटा. जो चिखलात उतरत नाही, घरात बसून असतो, त्याच्यासाठी तो. वाडीला आपल्या या रीतीचा मोठा अभिमान होता. आणि का नसावा? आजूबाजूच्या वाड्यांत बसल्याला कुणी विचारत नसे. पण अभिमान देणाऱ्याला असतो. घेणाऱ्याला पाटी घेऊन उभं राहावं लागतं, आणि राहीला तसं उभं राहून आता तीन वर्षं होत आली होती.

वाडी दिघीपासून बरीच आत, खाडीच्या वळणावर. ओहोटीला पाणी इतकं मागे सरायचं की समोर नुसता काळा, चकचकीत चिखल. पायी जाल तर मांडीपर्यंत आत जाल, म्हणून तिथं फळी लागते. माणसाच्या उंचीची, पुढून होडीच्या नाळेसारखी वर वळलेली, धरायला एक आडवी दांडी ठोकलेली. एक गुडघा फळीवर टेकायचा, दुसऱ्या पायानं चिखल मागे ढकलायचा, की फळी सुळकन पुढे जाते. चिखलाच्या पार टोकाला खुंट रोवून जाळी बांधलेली असत. ओहोटीला फळीवरून जायचं, अडकलेली मासळी काढायची आणि भरती पाठीला लागायच्या आत किनारा गाठायचा, हा वाडीचा धंदा.

जाळी सगळ्यांची सामाईक, त्यामुळे वाटेकरी कोण, हे ठरवायला एक रीत होती. शिमग्याला, होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुनवेच्या मोठ्या ओहोटीत, प्रत्येकानं शेवटच्या खुंटापर्यंत जायचं. त्या खुंटाला आंब्याचा टाळा बांधलेला असे. त्यातली एक डहाळी मोडून आणायची. आणली तो वर्षभराचा वाटेकरी, नाही आणली तो बसला. म्हाताऱ्यांना काही सांगावं लागत नसे. एखाद्या शिमग्याला ते आपणच फळी भिंतीला टेकवून ठेवत आणि त्या दिवशी घरात जरा कमी बोलत.

राहीचा नवरा कान्हा म्हातारा नव्हता. फळीवर बसला की गरम तव्यावरून लोणी सरकावं तसा जाणारा गडी. पण त्याला देवी आल्या. तो जगला, डोळे गेले. गेल्या तीन वर्षांत तो बोटांनी चाचपून साऱ्या वाडीची जाळी सांधून देत होता, आणि लोक त्याला मनापासून शाबासकी देत होते. शाबासकीचं कालवण होत नाही. वाटा चिखलात उतरणाऱ्यालाच.

वाट्याच्या वेळी राहीच्या शेजारी अनंता उभा राही. तो तर जन्मापासूनच बसलेला. उजवा पाय गुडघ्याखाली वाळून काठी झालेला. तिशी उलटलेला, भरल्या खांद्यांचा माणूस. दोघं रोज शेजारी उभी राहत आणि एकमेकांकडे कधी बघत नसत.

दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी राहीनं पाटी आणून चुलीपाशी ठेवली. कान्हानं सवयीनं हात घातला, एक चिंबोरी उचलली, बोटांनी चाचपली. नांग्या नव्हत्या. दुसरी उचलली, तिलाही नव्हत्या. तिसरी त्यानं उचललीच नाही.

"मोडक्याला मोडकं," तो म्हणाला. मग पाटी बाजूला सारून म्हणाला, "राही, तुला मी फळी शिकवतंय. औंदाच्या शिमग्याला खुंट शिवायचा."

राहीला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. तिनं तसं बोलूनही दाखवलं. पण तो हट्टाला पेटला होता, आणि खरं सांगायचं तर हट्टाला पेटलेला कान्हा तिला तीन वर्षांनी दिसत होता. भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसापेक्षा हा तिला बरा वाटला. ती हो म्हणाली.

बायका शिवल्यांचे शिंपले वेचायला काठाकाठानं चिखलात जायच्या, पण फळीवर कुणी बसत नसे. राही बसली. पहिल्या आठवड्यात ती चिखलात इतक्यांदा पडली की घरी आल्यावर सासूनं, गोदूबाईनं, ओळखायच्या आधी कुत्र्याला हाकलावं तसं हाकललं. गोदूबाईचं म्हणणं सरळ होतं: एकटा बुडत होता ते कमी पडलं म्हणून आता जोडीनं निघाली आहेत. ते म्हणणं चूक होतं असं राहीला तरी कुठं वाटत होतं?

आधी त्यांनी दोन फळ्यांमध्ये दोरी बांधून पाहिली. ती पुढे, तो मागे. दोरीला हिसका बसला की दोघंही चिखलात. मग तिनं बोलत बोलत पुढे जायचं ठरलं. पण फळी ढकलताना धाप लागते, वाऱ्यावर बोल फुटतो. शिवाय बोलायचं तरी काय? नवऱ्याचं नाव घेण्याची सोय नाही, आणि "अवो, अवो" म्हणून वाडीतली प्रत्येक बाई आपल्या नवऱ्याला हाक मारते. शेवटी राहीनं नारळाच्या दोन करवंट्या आपल्या फळीच्या दांडीला अशा बांधल्या की प्रत्येक ढकलीला त्या एकमेकींवर आपटून टक् वाजत. कान्हा त्या टकटकीच्या मागे यायचा. टकटक डावीकडे सरकली की डावीकडे, उजवीकडे सरकली की उजवीकडे. थांबली की थांबायचं. माघ लागेपर्यंत तो तिच्या मागे असा यायला लागला की आता तिनं वळून बघायचं सोडून दिलं. वाडी मात्र बघत होती आणि हसत होती. शेजारची चंद्राबाई तर राही दिसली की तोंडानं टक् टक् करायची.

होळीला चार-सहा दिवस उरले तेव्हा दोघं भिकू पाटलाच्या ओसरीवर गेली. भिकू पाटील म्हणजे वाडीचा शब्द. माणूस वाईट नव्हता, आणि हीच तर अडचण होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. खुंटावरून परतताना सरळ किनाऱ्याकडे यायचं नसतं. मधे गोडा ओढा खाडीला मिळतो, आणि तिथला चिखल कधी घट्ट होत नाही, फळीसुद्धा गिळतो. त्या जागेचं नावच गिळणी. तिला वळसा घालून तिवरांच्या झाडीच्या कडेनं यावं लागतं. पाटलाचा धाकटा भाऊ गिळणीत गेला होता, आणि तोही स्वतःच्या चुकीनं नव्हे. अडकलेल्या एका दारुड्याला ओढायला उतरला. दारुडा निघाला, भाऊ राहिला, वरून भरती आली.

पाटलानं दोघांचं सगळं ऐकून घेतलं. ओसरीवर आणखी माणसं होती, त्यांतली दोघं-तिघं हसली. बाई पुढे राहणार, हे कुठं बसतं रीतीत, असं एकानं विचारलं. रीतीत बाईचं नाव नव्हतं हे खरं; पण ते बंदी म्हणून नव्हतं, तर बाई तिथं जाईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं म्हणून. रीत एवढंच सांगत होती की दुसऱ्यानं फळीला हात लावायचा नाही.

"खुंट शिवायला कुनाला बंदी न्हाय," पाटील म्हणाला. "पन आयक, कान्हा. तू अडकलास तर तुज्यामागं मी मानूस धाडनार न्हाय. एक भाऊ दिला त्या गिळनीला. दुसऱ्याचा मानूस देनार न्हाय."

"नको धाडू," कान्हा म्हणाला.

"आनि जायाचं सगळ्यांच्या शेवटी. कुनाच्या वाटंत आडवं येयाचं न्हाय."

शेवटी जायचं म्हणजे काय, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला कळत होतं. आधी जाणाऱ्यांना पूर्ण ओहोटी मिळते. शेवटी जाणारा परत फिरतो तेव्हा पाणीही परत फिरलेलं असतं. राहीला वाटलं, आता कान्हा नाही म्हणेल. तो हो म्हणून उठला.

होळी पेटली, विझली. धुळवडीची सकाळ उजाडली ती डफ आणि बोंबा घेऊनच. शिमग्याला खारवाडीत गप्प बसणं म्हणजे अपशकुन. ज्याच्या घरी मयत झालेलं तोच काय तो गप्प. बाकी झाडून सारी वाडी किनाऱ्यावर. तोंडावर उलटा हात आपटत एकेका गड्याच्या नावानं बोंब मारायची, तो खुंटाकडे सुटला की आणखी मोठ्यानं, डहाळी घेऊन आला की त्याहून मोठ्यानं. गडी जात होते, येत होते. कुणी हसत, कुणी चिखलानं माखून. सूर्य पूर्वेच्या डोंगरावरून चांगला वर आला आणि शेवटचा गडी परतला तेव्हा पाटलानं कान्हाकडे न बघता हात केला. कान्हाला हात दिसत नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण मग तो म्हणाला, "जा."

राहीनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, गुडघा फळीवर टेकला. तिचे हात कापत होते, आणि त्यामुळे फळी हलायच्या आधीच करवंट्या वाजल्या. मागून कान्हा हळूच म्हणाला, "आजून न्हाय निघालीस, मना ठाव हाय." ती हसली नाही, पण हात जरा थांबले. मग तिनं पाय चिखलात रोवला आणि ढकललं.

जाताना वाडी शांतच होती. बोंब मारण्यासारखं काही होईल असं कुणाला वाटत नव्हतं. काही जण घराकडे वळलेही होते. ती शांतता तुच्छतेची होती, पण तिच्याइतकी उपकारक शांतता राहीला पुढे पुष्कळ आठवली. टक्, टक्, टक्. मागे कान्हाच्या फळीची सळसळ. तिवरांच्या कडेनं वळसा, मग उघडा चिखल, निवटे पुढून टणाटण उड्या मारत बाजूला होणारे. आणि मग खुंट.

राही बाजूला सरली, टकटक थांबवली. कान्हाची फळी खुंटाला जाऊन टेकली. त्यानं हात पुढे केला. खुंटावर धारदार शिंपांची कालवं चिकटलेली होती, त्यांनी त्याचं बोट कापलं, आणि बोट कापल्यावर तो असा हसला की राहीच्या डोळ्यांत पाणी आलं. वर चाचपत त्यानं टाळ्यातली डहाळी मोडली आणि दातांत धरली.

तेवढ्यात तिला चिखलाच्या घळीत पाणी दिसलं. बोटभर रुंद, पुढे पुढे येणारं. भरती फिरली होती. "चला," ती म्हणाली. दोघं परत फिरली.

आणि इथं वाडीनं घात केला. हाही शब्द जरा कडकच आहे, कारण केला तो मायेपोटी. खुंटाशी कान्हाचा हात वर गेलेला किनाऱ्यावरून दिसला. कान्हानं खुंट शिवला! घराकडे गेलेले धावत परत आले. डफ वाजू लागले, बोंबा उठल्या. चंद्राबाईला तर काय करू नि काय नको असं झालं. सगळा हिवाळा तिनं राहीची चेष्टा केली होती, ती तिला आता जाचू लागली असावी. ती घरात धावली, करवंट्या घेऊन आली आणि दोन्ही हातांत धरून टक् टक् वाजवू लागली. तिचं बघून दुसरीनं आणल्या, तिसरीनं आणल्या. कान्हा टकटकीच्या मागे येतो ना, मग आपण सगळ्यांनी वाजवू, लवकर येईल. एवढं साधं, एवढं प्रेमाचं गणित. एखाद्याला प्रेमानं मारायचं असेल तर अख्खं गाव लागतं ते असं.

राही तिवरांच्या वळणाला लागली होती. किनारा आता डाव्या अंगाला समोर दिसत होता आणि मधे गिळणी होती. तिला मागची सळसळ ऐकू येईना. तिनं वळून पाहिलं. कान्हा तिच्या मागे नव्हता. त्यानं फळीचं नाक सरळ किनाऱ्याकडे, त्या शेकडो करवंट्यांच्या दिशेनं वळवलं होतं, आणि तो जोरात, हुरूपानं, पूर्वीच्या कान्हासारखा गिळणीकडे चालला होता.

ती ओरडली. "अवो, थांबा!" वाऱ्यानं ते तिच्याच तोंडावर परत आणलं. तिनं करवंट्या तोडून हातात घेतल्या आणि जीव खाऊन आपटल्या. शेकड्यांत एक. तिनं दोन्ही हात वर करून किनाऱ्याकडे हलवले. किनाऱ्यानंही हात हलवले. मग तिनं वाडीला गप्प करायला तळहात तोंडावर दाबून धरला. गप्प बसा, देवाच्यान गप्प बसा.

शिमग्याच्या दिवशी तोंडावर हात! किनाऱ्यानं तेच पाहिलं जे त्यांना त्या दिवशी दिसू शकत होतं. राही बोंब मारतेय. सारी वाडी तोंडावर हात आपटत तिच्यासोबत बोंबलू लागली.

कान्हाची फळी गिळणीत शिरली. आधी तिचा वेग मेला, मग नाक खाली गेलं. ढकलणारा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि वर आलाच नाही. दातांत डहाळी तशीच. त्यानं दांडी दोन्ही हातांनी धरली आणि मान इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवू लागला. चारी बाजूंनी टकटक. ती कुठली हे त्याला कळत नव्हतं, आणि आपण कुठं आहोत हे मात्र आता कळलं होतं.

राहीच्या मनात पाटलाचं बोलणं एकदाच येऊन गेलं. माणूस धाडणार नाही. मी काय कुणी धाडलेली आहे, असं तिला वाटलं, आणि तिनं फळीचं नाक गिळणीकडे वळवलं. आपण गेलो तर दोघं जाऊ, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिचा पाय तरी ढकलतच होता.

तेव्हा किनाऱ्यावर तिला भिकू पाटील दिसला. तो गर्दीतून पुढे आला होता आणि गुडघाभर चिखलात उतरून उभा होता. गिळणी ओळखणारा त्या किनाऱ्यावर त्याच्यापेक्षा दुसरा कोण होता? तो ओरडत असावा, पण त्याचंही कुणी ऐकत नव्हतं. मग त्यानं खाडीकडे पाठ केली, वाडीकडे तोंड केलं आणि डोक्यावरची तांबडी टोपी काढून चिखलात टाकली.

सणाच्या दिवशी पाटील उघड्या डोक्यानं. त्याचा अर्थ खारवाडीत एकच. कुणाच्या तरी घरी माणूस गेलं.

पुढच्या रांगेतला डफ थांबला. मग मागचा. चंद्राबाईच्या हातातल्या करवंट्या वाळूत पडल्या. बोंब एकेका तोंडातून विझत गेली, आणि शिमग्याच्या भर सकाळी तिथं इतकी शांतता झाली की चिखलात चढत येणाऱ्या पाण्याचा बुडबुड आवाज ऐकू आला.

राहीनं फळी थांबवली आणि करवंट्या वाजवल्या. टक्, टक्.

कान्हा हलला नाही. तिनं पुन्हा वाजवल्या. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. आणि राहीला कळलं, करवंटीवरचा त्याचा विश्वास उडाला. एकदा करवंटीनंच त्याला इथं आणून सोडलं होतं; आता कुठलीही टकटक कुणाचीही असू शकत होती. "अवो" म्हणावं तर तेही वाडीतल्या कुठल्याही बाईचं असू शकत होतं. त्याचं म्हणून जगात एकच होतं, आणि ते लग्नापासून आजवर तिच्या तोंडातून कधी आलं नव्हतं. किनाऱ्यावर सासू उभी होती. सारी वाडी कान देऊन उभी होती. पाणी कान्हाच्या फळीला लागलं होतं.

"कान्हा," ती म्हणाली. ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. मग तिनं छाती भरून हाक मारली. "कान्हा!"

त्याचं तोंड सरळ तिच्याकडे वळलं.

एकदा नाव घेतल्यावर अहो-जाहो कसलं राहतंय? "कान्हा, फळीवर आडवा हो. पोटावर. पाय खेचू नको, ढिला सोड." तो आडवा झाला. गिळणीनं धरलेला पाय सुटेना. पाणी फळीच्या कडेनं वर आलं, आणि ज्या पाण्याला ती सकाळपासून घाबरत होती तेच पायाच्या भोवतीनं आत शिरून चिखल सैल करू लागलं. पाय सुटला तेव्हा ओल्या कातड्याचा आवाज झाला. "आता माज्याकडं ये. कान्हा. हकडं. कान्हा." तो पोटावर पडून दोन्ही हातांनी चिखल ओढत यायला लागला. ती नाव घेत राहिली. किती वेळा घेतलं ते तिला ठाऊक नाही. चंद्राबाई नंतर म्हणायची, साऱ्या जन्माचं एकदम घेऊन टाकलंन.

तो घट्ट चिखलाला लागला, गुडघ्यावर उठला. त्याच्या फळीला तिनं हात लावला नाही. फार लावावासा वाटला, पण लावला नाही. ती वळली आणि पुढे निघाली, प्रत्येक ढकलीला त्याचं नाव घेत, आणि तो मागे सळसळत आला. घोट्याइतक्या पाण्यातून दोघं किनाऱ्याला लागली.

कान्हा वाळूवर उभा राहिला. डहाळी तोंडातून काढून हातात घेतली. त्यानं कान दिला. डफ नाही, बोंब नाही, कुणाचा खोकलासुद्धा नाही. त्याचं तोंड उतरलं.

"राही," तो हळूच म्हणाला, "मानसं गेली काय समदी?"

राहीनं समोर पाहिलं. पाटलापासून चंद्राबाईपर्यंत सारी वाडी जागच्या जागी उभी होती. कितीकांनी दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून धरले होते.

"न्हाय," ती म्हणाली. "हतंच हायत. तुजी वाट आयकतायत."

पाटील चिखलातून वर आला. त्यानं कान्हाच्या हातातली डहाळी घेतली, वर धरली आणि विचारलं, फळीला कुणी हात लावलेला दिसला काय? कुणाला दिसला नव्हता. बाई बोलत होती, तर बोलण्याला रीत आडवी येत नाही, असंही त्यानं कुणी न विचारता सांगून टाकलं. मग म्हणाला, "वाटेकरी हाय. मारा आता बोंब."

तरी कुणी मारेना. मघाशी आपल्या आवाजानं काय होत होतं ते एव्हाना सगळ्यांना उमगलं होतं, आणि प्रत्येकाला आपल्याच तोंडाची भीती वाटत होती. सुनेनं चारचौघांत लेकाचं नाव घेतलं म्हणून गोदूबाई आता काय म्हणते, इकडेही काहींचं लक्ष होतं. गोदूबाई पुढे आली, राहीकडे एकदा रोखून पाहिलं आणि तोंडावर हात आपटून अशी बोंब ठोकली की तिवरांतले बगळे उडाले. मग वाडीला धीर आला.

त्या गलक्यात अनंता काठी टेकत कान्हापाशी आला. तो कान्हाच्या फळीपाशी वाकला आणि तिच्यावरून हात फिरवू लागला. लाकडावर तळहात घासल्याचा आवाज त्या गोंधळातही कान्हानं टिपला.

"कोन?"

"मी. अनंता."

कान्हा त्याच्याकडे वळला. "तुजा उजवा गुडघा टेकतो काय रे?"

"टेकतो."

"आनि डावा पाय?"

"डावा धडच हाय."

"मंग फळीला आनकी काय लागतं?" कान्हा म्हणाला.

लोक म्हणतात शिमगा सरला तरी कवित्व उरतं. खारवाडीत उरलं ते उलटं. पुढच्या शिमग्याला सगळे गडी खुंट शिवून आले, डफ-बोंबांनी किनारा दणाणला, आणि मग पाटलानं टोपी काढून हातात घेतली. लगेच सारं थांबलं. पुढे राही, तिच्या मागे कान्हा, आणि त्याच्याही मागे डाव्या पायानं चिखल लोटत अनंता, अशी तिघं सुटली. ती डहाळ्या घेऊन परत येईस्तोवर शिमग्याच्या दिवशी ती वाडी तोंडावर हात धरून उभी राहिली. त्या वर्षी वाटे पडले तेव्हा शेवटचा लहान ढीग कुणी घातला नाही, आणि नांग्या तुटलेल्या चिंबोऱ्या सगळ्यांच्या पाट्यांत सारख्या वाटल्या गेल्या.